फोटो कशाचा काढू?

मुलांनो, सुट्टीच्या दिवशी घरातला मोबाइल अर्धा तास तुमच्या हातात आला, तर तुम्ही फोटो कशाचा काढाल? बहुतेक जण आधी स्वतःचा काढतील. मग धाकट्या भावाचा, त्याला वेडंवाकडं तोंड करायला लावून. मग? मग हात थांबतो. "इथं काय आहे फोटो काढण्यासारखं?" असं म्हणून मोबाइल परत जागेवर जातो.

हे वाक्य मला फार वेळा ऐकू येतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. राहते त्र्यंबकेश्वरला, आणि शाळा आहे तालुक्यातल्याच एका पाड्यावर. आमच्या गावात देशभरातून माणसं येतात ती कॅमेरे घेऊन. ब्रह्मगिरीचा फोटो, कुशावर्ताचा फोटो, पेशव्यांच्या काळातल्या काळ्या दगडी मंदिराचा बाहेरून फोटो (आत फोटो काढायला बंदी आहे). २०१५ च्या सिंहस्थात तर इतके कॅमेरे आले होते की विचारू नका! आणि इथलीच मुलं म्हणतात, "इथं काही नाही, बाई." महाबळेश्वरला जायला मिळालं, मुंबईचा समुद्र बघायला मिळाला, तर फोटो काढू म्हणतात.

गंमत अशी, की महाबळेश्वरच्या मुलालाही तसंच वाटत असणार. रोज दिसतं ते आपल्याला दिसेनासं होतं. तुमच्या घराच्या दाराला किती कड्या-कोयंडे आहेत, ते न बघता सांगा बरं! शाळेच्या वाटेवर किती झाडं लागतात? नाही ना सांगता येत? म्हणून मला वाटतं, फोटो काढायला शिकायचं म्हणजे आधी बघायला शिकायचं.

आता आमच्याच गावच्या एका मुलाची गोष्ट सांगते. ३० एप्रिल १८७० या दिवशी त्र्यंबकेश्वरला धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. बरोबर ओळखलंत, दादासाहेब फाळके! ते चित्रकला शिकले, फोटोग्राफी शिकले, छपाईचं काम केलं. पुढे सिनेमाच्या वेडानं ते १९१२ साली लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परत आले. कॅमेरा आला, पण सिनेमाला पैसा कुठून आणायचा? लोकांचा विश्वास कसा बसायचा? तेव्हा दादासाहेबांनी काय केलं असेल? राजवाडा शोधला? हत्ती-घोडे जमवले? छे! त्यांनी घरात एका कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा त्या कुंडीसमोर लावला.

ठरावीक वेळानं थोडं थोडं चित्रण करत ते साधारण महिनाभर थांबले. कॅमेरा हलवला नाही. वाटाणा रुजला, कोंब वर आला, पानं फुटली, वेल वाढला. ती सगळी चित्रं एकामागून एक पडद्यावर दाखवली तेव्हा बघणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत बियाचं रोप झालं! महिन्याभराची वाढ जेमतेम मिनिटभरात. या चित्रपटाचं नाव 'अंकुराची वाढ'. तो बघून पैसे देणाऱ्यांना खात्री पटली. ३ मे १९१३ ला मुंबईच्या गिरगावात 'राजा हरिश्चंद्र' लागला. आपल्या देशातला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणून आपण त्याचं नाव पाठ करतो. पण त्याच्या आधी तो कुंडीतला वाटाणा होता, हे विसरू नका. पुढे दादासाहेबांनी आगकाड्या घेऊन 'आगकाड्यांची मौज' नावाचा छोटा चित्रपटही केला. वाटाणा आणि आगकाड्या! या दोन वस्तू तुमच्या स्वयंपाकघरात आत्ता, या क्षणी असतील की नाही?

तुम्ही म्हणाल, ते दादासाहेब होते. बरं, मग जगातला सगळ्यात जुना, आजही टिकून असलेला कॅमेऱ्यानं काढलेला फोटो कशाचा आहे ते सांगते. फ्रान्समध्ये निसेफोर निएप्स नावाचे गृहस्थ होते. १८२६ किंवा १८२७ साली त्यांनी एका गुळगुळीत धातूच्या पत्र्यावर डांबराच्या जातीचा एक पदार्थ लावला, तो पत्रा कॅमेऱ्यात बसवला आणि कॅमेरा कितीतरी तास उन्हात तसाच ठेवला. त्यात उमटलं काय? त्यांच्या घराच्या वरच्या खिडकीतून दिसणारी छपरं आणि भिंती. एवढंच! चित्र उमटायला इतके तास लागले की तेवढ्यात सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला, म्हणून समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेलं दिसतं. जगात पहिल्यांदा फोटो काढायला निघालेला माणूस ताजमहालाकडे गेला नाही. तो खिडकीपाशी गेला.

आणखी एक खिडकी सांगते. प्राग शहरात जोसेफ सुडेक नावाचे फोटोग्राफर होते. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा हात गेला. एका हातानं ते जड कॅमेरा सांभाळायचे. दुसऱ्या महायुद्धात त्यांचं शहर जर्मनांच्या ताब्यात गेलं, कॅमेरा घेऊन उघडपणे फिरणं कठीण झालं. तेव्हा, १९४० पासून, त्यांनी आपल्या छोट्या स्टुडिओच्या खिडकीचेच फोटो काढायला सुरुवात केली. कधी काचेवर दव, कधी पाऊस, कधी बर्फ, बाहेर एक वाकडंतिकडं झाड. सुमारे चौदा वर्षं ते एकाच खिडकीचे फोटो काढत राहिले. आणि एक फोटो दुसऱ्यासारखा नाही!

म्हणजे खिडकी तीच, झाड तेच. मग बदलतं काय? उजेड! बालमित्रांनो, फोटो हा वस्तूचा नसतोच मुळी, वस्तूवर पडलेल्या उजेडाचा असतो. आमच्या पाड्यावरच्या घरांत सकाळी चूल पेटते. कौलांच्या फटीतून उन्हाची तिरीप आत येते आणि धुरामुळे ती तिरीप काठीसारखी सरळ उभी दिसते. तोच धूर दुपारी बघा, नुसता डोळ्यांत जातो, दिसत मात्र नाही. दुपारी बाराच्या उन्हात चेहऱ्यावर डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात. सकाळी आणि संध्याकाळी ऊन तिरपं येतं, तेव्हा सारवलेल्या अंगणावर बोटांचे वळसे उठून दिसतात. हे समजायला महागडा कॅमेरा लागत नाही. एकच वस्तू, समजा पाण्याचा माठ, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी बघा. तीन माठ दिसतील.

घरातलं झालं. आता वाटेवरचं बघू. मी रोज काळी-पिवळी जीपनं जाते. तुम्हाला ती माहीत असेल. दहा जणांच्या जागेत पंधरा जण, मांडीवर पिशवी आणि पिशवीत कोंबडी. पाऊण तासाचा प्रवास, पुढे वीस मिनिटं पायी. पहिल्या वर्षी मी जीपमध्ये झोपायची. नंतर बघायला लागले.

जीपच्या खिडकीतून बघितलं की जवळचे खांब, झुडपं सर्रकन मागे पळतात, आणि लांबचा डोंगर मात्र आपल्याबरोबरच चालल्यासारखा वाटतो. म्हणून चालत्या गाडीतून जवळच्या वस्तूचा फोटो काढला तर तो फिसकटतो आणि लांबचा बऱ्यापैकी स्पष्ट येतो. जवळचं काढायचं असेल तर गाडी थांब्यावर उभी राहायची वाट बघा. थांब्यावर काय कमी गमती असतात? चण्याच्या पुड्या बांधणारे हात, एसटीच्या टपावरून उतरणारं पावसाचं पाणी, एकाच छत्रीत उभ्या असलेल्या तिघींचे सहा पाय! मात्र हात किंवा मोबाइल खिडकीबाहेर काढायचा नाही. ही सूचना नाही, हुकूम आहे!

पावसाळ्यात बाहेर धुकं असतं, डोंगर दिसत नाही. तेव्हा काचेकडेच बघा. काचेवर पाण्याचे थेंब असतात ना, त्यातल्या एका थेंबाच्या अगदी जवळ जा. थेंबात बाहेरचं सगळं चित्र असतं, पण उलटं! आभाळ खाली, झाडं वर. थेंब भिंगासारखं काम करतो, म्हणून. ढग जरा बाजूला झाले तर प्रत्येक थेंबात एकेक उलटा ब्रह्मगिरी लटकलेला दिसतो. शंभर थेंब, शंभर ब्रह्मगिरी. यातलं मी काही नवीन आणलं नाही, ते रोज माझ्या खांद्याशीच होतं.

पायवाटेवर तर ऋतूंची शाळाच भरते. उन्हाळ्याच्या शेवटी भाजलेल्या राबाचे काळे चौकोन. पाऊस पडला की तिथंच नागलीची हिरवीगार रोपं. मग आवणी, चिखलात वाकलेल्या पाठी. श्रावण-भाद्रपदात उतारावर गुलाबी तेरडा. नाशिकच्या रस्त्यावर अंजनेरीचा डोंगर लागतो, त्याच्या बाजूनं रोज किती गाड्या जातात! त्याच डोंगराच्या नावावरून एका छोट्या फुलझाडाला शास्त्रज्ञांनी सेरोपेजिया अंजनेरिका असं नाव दिलंय. कुणीतरी खाली वाकून बघितलं म्हणून ते सापडलं. गाडीच्या काचेतून नसतं सापडलं.

आता थोडी वेगळी गोष्ट सांगते. ही जरा नीट ऐका.

आमच्या भागात पाऊस धो धो पडतो. पण इथला खडक कठीण, डोंगरउतार तीव्र. पाणी पडतं तसंच वाहून जातं, मुरत कमी. म्हणून गोदावरी जिथं उगम पावते त्या तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात प्यायला पाणी नसतं. बाया आणि मुली हंडे घेऊन लांबच्या विहिरीवर जातात. काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात रस्त्यावर एक मोटार थांबली. त्यातले लोक खाली उतरले आणि डोक्यावर तीन-तीन हंडे घेतलेल्या बायांचे फोटो काढायला लागले. "काय सुंदर फ्रेम आहे!" असं एक जण म्हणाला. फोटो काढून झाले, मोटार निघून गेली. त्या रांगेत आमच्या चौथीतली एक मुलगी होती, डोक्यावर कळशी घेतलेली. दुसऱ्या दिवशी तिनं मला वर्गात विचारलं, "बाई, आम्ही पाणी आणतो ते त्यांना छान का वाटतं?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. तुम्हाला येईल का? थोडा विचार करा. ते लोक काही वाईट नव्हते. रंगीत लुगडी, चमकणारे हंडे, मागे डोंगर. दिसायला ते छान होतंच. पण हंड्याचं वजन फोटोत येत नाही, आणि ते वजन त्यांना ठाऊक नव्हतं. या मुलीला ठाऊक होतं.

मग मी वर्गाला म्हटलं, "तुम्ही काढा. तुम्हाला जे सांगायचंय ते दिसेल असा फोटो काढा." मोबाइल माझा, डोळे त्यांचे. मला वाटलं, मुलं बायांचे फोटो काढतील. पण त्यांनी काढला तो नुसत्या भांड्यांचा. विहिरीत पाणी झिरपायला वेळ लागतो, म्हणून बाया आपापली भांडी ओळीत ठेवून घरची कामं उरकायला जातात. भांडंच त्यांचा नंबर धरतं. स्टीलचे हंडे, पोचे आलेल्या कळश्या, तेलाचे रिकामे डबे, प्लॅस्टिकचे कॅन. मी विचारलं, "माणूस का नाही घेतलं यात?" एक मुलगा म्हणाला, "बाई, माणसं घेतली की ती लाजतात, हसतात. भांडी हसत नाहीत."

पुढच्या वर्षी आम्ही दादासाहेबांची युक्ती वापरली. जागा तीच, दिवस तोच. दर सोमवारी शाळेत जाताना साडेनऊ वाजता, विहिरीजवळच्या त्याच दगडावर उभं राहून एक फोटो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ओळीत ७ भांडी होती. मार्चच्या मध्याला १५. एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी ओळ वळण घेऊन झाडामागे गेली होती. मुलांनी मोजली, ३४ निघाली. त्र्यंबकच्या फोटोच्या दुकानातून मी कॉप्या काढून आणल्या. मुलांनी त्या तक्त्यावर ओळीनं चिकटवल्या आणि त्या मुलीनं, आता ती पाचवीत गेली होती, प्रत्येकाखाली लिहिलं : तारीख, भांडी किती, विहिरीत पाणी किती हात. "छान", "सुंदर", "गरीब बिचारे" असला एकही शब्द नाही. शेवटच्या फोटोखाली एवढंच होतं, "३४ भांडी. पाणी एक हात."

तक्ता शाळेच्या व्हरांड्यात लावला. बाया बघायला आल्या आणि आपापली भांडी ओळखू लागल्या. "हा माझा, याचा कान तुटलाय!" पाड्यानं टँकरसाठी अर्ज केला तेव्हा त्याला हे फोटो जोडले. टँकर आला. तो फोटोंमुळेच आला असं मी म्हणणार नाही. कदाचित एरवीही आला असता. पण अर्ज नेणाऱ्या माणसाला त्या दिवशी फार बोलावं लागलं नाही, हे त्यानंच येऊन सांगितलं.

मुंबईला सुधारक ओलवे नावाचे मोठे फोटोग्राफर आहेत. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी शहराचा कचरा आणि गटारं साफ करणाऱ्या कामगारांचे फोटो काढले. ते कामगार रोज सगळ्यांच्या समोरच असायचे, पण कुणी बघायचं नाही. कॅमेऱ्याचं हेही एक काम आहे, मुलांनो. जे समोर असून दिसत नाही त्याच्याकडे बोट दाखवणं.

मात्र त्यासाठी एक नियम पाळायचा. माणसाचा फोटो काढण्याआधी विचारायचं. "काका, काढू का?" एवढे तीनच शब्द. नको म्हणाले तर हसून पुढे जायचं. आमच्या गावात खूप माणसं घरातल्या गेलेल्या माणसाचे विधी करायला येतात. त्यांचे डोळे भरलेले असतात. कुणी कुशावर्तावर स्नान करत असतं. तिथं मोबाइल खिशात. आपल्या आजीचा असा कुणी फोटो काढला तर आपल्याला चालेल का, हा प्रश्न स्वतःला विचारला की उत्तर आपोआप मिळतं. अनोळखी माणसाचा फोटो त्याला न विचारता इकडे तिकडे पाठवायचाही नाही. पक्ष्याच्या घरट्याशी जाऊन फोटो काढायचा नाही. पक्षी 'नको' म्हणू शकत नाही, म्हणून आपणच समजून घ्यायचं.

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, "आमच्याकडे मोबाइलच नाही. असला तरी बाबा देत नाहीत." काळजी नको! जुनी लग्नपत्रिका घ्या. तिच्या मधोमध आगपेटीएवढा चौकोन कापा. झाला तुमचा कॅमेरा. एक डोळा मिटून त्या चौकोनातून बघा. पत्रिका डोळ्याजवळ आणा, लांब न्या. चौकोनात काय ठेवायचं आणि काय बाहेर टाकायचं, हे ठरवणं म्हणजेच फोटो. बटण दाबणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. आमच्या वर्गात प्रत्येकाकडे अशी एकेक चौकट आहे. बघितलेलं चित्र मुलं वहीत दोन ओळींत लिहितात. परवा एकानं लिहिलं होतं, "शेळी पावसात. शेळीच्या पोटाखाली कोरडी जागा. तिथं कोंबडी." सांगा, फोटो दिसला की नाही?

चला तर मग, या आठवड्यासाठी अभ्यास देते. बाई म्हटल्यावर अभ्यास आलाच! सोमवारी घरातली एकच खिडकी निवडा आणि सकाळ-संध्याकाळ तिचा फोटो काढा. मंगळवारी जमिनीवर पोट टेकून, मुंगीच्या उंचीवरून अंगण बघा. बुधवारी घरातल्या सगळ्यांचे नुसते हात, काम करताना, अर्थात विचारून. गुरुवारी शाळेच्या वाटेवर फक्त सावल्या. शुक्रवारी बसमधून किंवा रिक्षातून दिसलेली अशी एक गोष्ट, जी याआधी कधीच दिसली नव्हती. शनिवारी तुमच्या गावातली अशी एक वस्तू शोधा, जी पुढच्या वर्षी कदाचित नसेल. जुना पार असेल, पिठाची गिरणी असेल, रुंद होणारा रस्ता असेल, कडेचं झाड असेल. फोटोच्या मागे किंवा वहीत तारीख आणि जागा लिहायला विसरू नका. तारीख नसलेला फोटो म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट.

आणि रविवारी? रविवारी एका कुंडीत वाटाणा पेरा, कुंडी खिडकीत ठेवा आणि रोज एकाच जागेवरून, एकाच वेळी तिचा एक फोटो काढा. मोबाइल नसेल तर एक चित्र. महिनाभर एकही दिवस चुकवायचा नाही. शेवटी ते फोटो भराभर पुढे सरकवा, नाहीतर चित्रांची गड्डी अंगठ्यानं फर्रकन उलटा, आणि काय दिसतं ते घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवा.